जस्ताच्या एका अणूची गिऱ्हाइकं

मे महिना लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन तऱ्हेची माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात. एक, लेह-लडाखला निघालेली. हातात मोबाइल, त्यात टूरवाल्यानं पाठवलेली यादी, आणि यादीत सनस्क्रीन, लोकरी मोजे, ओआरएस यांच्या शेजारी 'डायमॉक्स', उंचीवरच्या त्रासाची गोळी. गोळी लगेच हवी असते, डॉक्टरांची चिठ्ठी मात्र बहुतेकांकडे नसते, त्यामुळे थोडी हुज्जत ठरलेली. दुसरी, काचबिंदूची मंडळी. साठी-सत्तरीतली, घाई नसलेली. संपलेली थेंबांची बाटली पिशवीतून काढून पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, "हीच द्या ताई, कंपनी बदलू नका."

या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. एकाला साडेअकरा हजार फुटांवर धड झोप लागायला हवी असते, दुसऱ्याला उरलीसुरली नजर टिकवायची असते. पण मी एका खणातून गोळ्यांची पट्टी आणि दुसऱ्यातून थेंबांची बाटली काढते, तेव्हा मला ठाऊक असतं की दोन्ही औषधं अखेर एकाच ठिकाणी जाऊन बसणार आहेत. कार्बोनिक ॲनहायड्रेज-२ नावाचं एक प्रथिन आहे, त्याच्या पोटात जस्ताचा एक अणू आहे, त्या अणूपाशी. बी.फार्म.ला असताना हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यातली गंमत दुकानात बसायला लागल्यावर हळूहळू कळत गेली.

या प्रथिनाचं काम सांगायला फार वेळ लागत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचं बायकार्बोनेट करायचं. ते होताना एक प्रोटॉन, म्हणजे आम्लाचा कण, सुटतो. आणि गरज पडली की हीच क्रिया उलट फिरवायची. खरं तर एवढं काम त्याच्यावाचूनही होतं. गोटीसोड्यात कुणी एन्झाइम, म्हणजे क्रियेला वेग देणारं असं प्रथिन, घालत नाही, तरी वायू पाण्यात मुरतोच. प्रश्न आहे वेळेचा.

आपण नुसतं पेपर वाचत बसलो तरी शरीर दर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करत असतं. त्यातला सुमारे ७० टक्के भाग रक्तातून बायकार्बोनेटच्या रूपात फुप्फुसांकडे जातो आणि तिथं पुन्हा वायू होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. फुप्फुसातल्या केशवाहिनीतून जाताना रक्ताला त्यासाठी किती वेळ मिळतो? पाऊण सेकंद. मदतीविना ही उलटापालट व्हायला काही सेकंद लागतात. म्हणजे रक्त फुप्फुसात जाणार आणि बराचसा वायू अंगातच ठेवून परत फिरणार.

गेल्या शतकाच्या विशीत शरीरशास्त्रज्ञ याच हिशेबाशी झगडत होते. १९२८ मध्ये कोपनहेगनच्या हेन्रिकेस यांनी मांडलं, की रक्तात या क्रियेला वेग देणारं काहीतरी असलंच पाहिजे. १९३३ मध्ये केंब्रिजला मेल्ड्रम आणि राउटन यांनी ते तांबड्या पेशींतून काढून दाखवलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्टेडी आणि ओब्रायन स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले. पुढे केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन आणि थॅडियस मान हे एन्झाइम शुद्ध करत बसले. जसजसं ते शुद्ध होत गेलं तसतसं त्यात जस्ताचं प्रमाण वाढत गेलं. १९४० मध्ये त्यांचं काम सविस्तर छापून आलं. सजीवांना जस्त लागतं हे त्याआधीही माहीत होतं, पण ते शरीरात नेमकं कुठं बसतं आणि काय करतं हे पहिल्यांदा इथं दिसलं.

जस्त म्हटलं की आपल्याला छपराचा पत्रा आठवतो, नाहीतर जुनी बादली. प्रौढ माणसाच्या अंगात ते सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम असतं. एवढ्याशा धातूवर शरीरातली शेकडो प्रथिनं चालतात. त्यातलं हे पहिलं सापडलेलं, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणं.

देखणं म्हणते ते त्याच्या रचनेमुळे. १९७२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला आंदेर्स लिल्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. २६० अमिनो आम्लांची एक साखळी. ती घड्या पडून गोळा होते तेव्हा तिच्या एका बाजूला निमुळता खळगा तयार होतो, जेमतेम दीड नॅनोमीटर खोल. खळग्याच्या तळाशी जस्ताचा अणू. साखळीतल्या ९४, ९६ आणि ११९ क्रमांकांच्या जागांवर हिस्टिडिन नावाची अमिनो आम्लं आहेत. त्या तिघांनी तो धरून ठेवलाय. चौथी बाजू मोकळी आहे आणि तिथं पाण्याचा एक रेणू येऊन बसतो.

खरी करामत या पाण्याच्या रेणूत होते. एरवी पाणी आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. जस्ताला चिकटलेलं पाणी मात्र रक्ताच्या नेहमीच्या आम्लतेतच तो सोडून देतं, आणि उरतो तो हायड्रॉक्साइड, समोर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडायला तयार. बायकार्बोनेट झालं की ते सुटून जातं, पाण्याचा नवा रेणू येतो, पुन्हा तेच. सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा. शरीरातल्या सर्वांत वेगवान एन्झाइमांपैकी हे एक.

यातही मला सगळ्यांत आवडतं ते ६४ व्या जागेवरचं हिस्टिडिन. त्याचा जस्ताला स्पर्शही नाही. ते खळग्याच्या वरच्या बाजूला असतं. आत वळतं, पाण्याच्या दोन-तीन रेणूंच्या साखळीतून आलेला प्रोटॉन घेतं, बाहेर वळून तो सोडून देतं. या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ जातो तो याच कामात. कार्बन डायऑक्साइडवरची मुख्य क्रिया चटकन उरकते, घोडं अडतं ते सुटलेला प्रोटॉन बाहेर नेण्यात. लग्नकार्य केलेल्या कुणालाही हे पटावं.

हे वाचून कुणी जस्ताच्या गोळ्या घ्यायला पळू नये म्हणून थोडं विषयांतर. २०२०-२१ मध्ये जस्त आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे खोकेच्या खोके आमच्याकडून गेले. खोका फोडेपर्यंत संपत. त्यातल्या बहुतेकांना त्याची गरज नव्हती असं माझं मत आहे, आणि ते तेव्हाही मी बोलून दाखवायची, गिऱ्हाइकाला पटो न पटो. धडधाकट खाणाऱ्यापिणाऱ्या माणसाच्या या एन्झाइमात जस्त आधीच घट्ट बसलेलं असतं. वरून आणखी ओतल्यानं ते जास्त पळत नाही.

जस्त खरोखरच कमी पडलं तर काय होतं, हे शोधणारा डॉक्टर बिहारमधल्या बक्सरचा. आनंद प्रसाद. पाटण्यात वैद्यकीचं शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले. १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. रक्त कमी, वाढ खुंटलेली, आणि माती खायची सवय. अशी आणखी माणसं भेटत गेली. ही जस्ताची कमतरता असावी, हा त्यांचा कयास बऱ्याच जणांना सुरुवातीला पटला नव्हता. पुढे इजिप्तमधल्या अभ्यासांतून तो खरा ठरला. आज जुलाब झालेल्या बाळाला ओआरएससोबत चौदा दिवस जस्ताचं औषध देतात. ते मी मनापासून देते आणि आईला बजावते, "जुलाब थांबले तरी बाटली अर्ध्यावर सोडायची नाही बरं."

तर, औषधांकडे येऊ. डायमॉक्स आधी शोधली आणि मग तिचा उपयोग कळला असं झालं नाही. एका भलत्याच औषधाच्या त्रासातून ही वाट निघाली.

पेनिसिलिन हाताशी येण्याआधीचा, १९३० नंतरचा काळ सल्फा औषधांचा. सल्फानिलामाइड घेतलेल्या रोग्यांचा ताप उतरायचा खरा, पण काहींना धाप लागे, रक्तातलं आम्ल वाढे आणि लघवी मात्र अल्कधर्मी होई. हे उलटंच. रक्त आंबट झालं तर मूत्रपिंडानं आम्ल बाहेर टाकायला हवं. १९४० मध्ये मान आणि केलिन यांनी दाखवलं, की सल्फानिलामाइड नेमकं कार्बोनिक ॲनहायड्रेजला बंद पाडतं. त्यातला नायट्रोजन थेट जस्ताला जाऊन चिकटतो आणि पाण्याला तिथून हुसकावतो. मूत्रपिंडात हे एन्झाइम बायकार्बोनेट वाचवायच्या कामात असतं. ते थांबलं की बायकार्बोनेट लघवीतून वाहून जातं, त्याच्यामागे सोडियम, सोडियममागे पाणी.

कुणाच्या तरी लक्षात आलं की हा त्रास कामाचाही आहे. हृदय थकून अंगावर सूज आलेल्या रोग्याला पाणी बाहेर जायलाच हवं असतं. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी अशा रोग्यांना सल्फानिलामाइड देऊन पाहिलं. सूज उतरली, पण औषध फार दिवस द्यावं असं नव्हतं. मग अमेरिकन सायनामिड या कंपनीतल्या रॉब्लिन यांच्या गटानं त्याच रेणूची जास्त प्रभावी भावंडं बनवली. त्यातलं एक म्हणजे ॲसिटाझोलामाइड, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला डायमॉक्स या नावानं बाजारात आलेलं. सुजेवर पुढे त्याहून चांगली औषधं आली. डायमॉक्सनं मात्र दुसरीकडे घरोबा केला.

पहिला घरोबा डोळ्यात. डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि सतत निचरा होऊन जातो. निचरा तुंबला की दाब वाढतो, आणि तो मागच्या मज्जातंतूला हळूहळू खातो. हाच काचबिंदू. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. गेलेली नजर गेली, आहे ती सांभाळायची. हा द्रव तयार होताना बायकार्बोनेट लागतं आणि ते करायला तेच एन्झाइम. १९५४ मध्ये सेंट लुईसच्या बर्नार्ड बेकर यांनी दाखवलं, की डायमॉक्सची गोळी घेतली की डोळ्याचा दाब उतरतो.

उतरतो, पण गोळी काही फक्त डोळ्यात जात नाही. अंगभर जाते. थकवा, भूक न लागणं, बोटांना मुंग्या, मूतखडे. वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधात एवढं सोसणारी माणसं कमीच. थेंब करावेत तर मूळ औषध बुबुळातून पुरेसं आत शिरत नव्हतं. थेंब यायला तब्बल चाळीस वर्षं गेली. १९९५ च्या सुमारास डोर्झोलामाइड आलं. उप्सालात सुरू झालेल्या रचनेच्या अभ्यासाचा आधार घेऊन, त्या निमुळत्या खळग्यात नीट बसेल असा रेणू मुद्दाम घडवलेला. प्रथिनाची रचना समोर ठेवून आखलेल्या आणि बाजारापर्यंत पोचलेल्या पहिल्यावहिल्या औषधांत त्याचं नाव घेतात.

आमच्या घरात ही बाटली सासूबाईंच्या उशाशी असते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली, "अगं, हे औषध डोळ्यात घातलं की घशात? तोंड कडूझार झालंय."

"आई, डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात उतरतं ते. थेंब पडला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, दोन मिनिटं."

"एका हातात बाटली, एक बोट कोपऱ्यावर, आणि पापणी कोण ओढणार? तुझा सासरा?"

सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत. हसताना थेंब गालावर गेला तो वेगळाच. पण नाकाजवळचं ते बोट महत्त्वाचं आहे. गिऱ्हाइकाला बाटली देताना मी स्वतःच्या डोळ्यावर दाबून दाखवते. त्यामुळे तोंड कमी कडू होतं, आणि जे औषध घशात जाणार होतं ते डोळ्यातच राहतं. काही बाटल्यांत दुसरंही औषध मिसळलेलं असतं, टिमोलॉल, आणि ते रक्तात गेलं तर दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतं. ही दोन मिनिटं मला तरी बाटलीच्या किमतीपेक्षा मोलाची वाटतात.

दुसरा घरोबा डोंगरावर. लेह साधारण ३,५०० मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. पुण्या-मुंबईहून विमानानं गेलं की काही तासांत माणूस तिथं. शरीर जोरजोरात श्वास घेऊन प्राणवायू मिळवू पाहतं, पण त्या भरात कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र म्हणतं, बास. दिवसा निभावतं. रात्री झोपेत श्वास वाढत जातो, मंदावतो, काही सेकंद थांबतोच, मग माणूस दचकून उठतो. शेजारी झोपलेल्याची तर झोपच उडते. मूत्रपिंड हे यथावकाश दुरुस्त करतं, बायकार्बोनेट बाहेर टाकून. पण त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि आपली टूर सहा दिवसांची असते.

डायमॉक्स इथं मूत्रपिंडातलं एन्झाइम अडवते आणि बायकार्बोनेट लवकर बाहेर काढते. रक्त जरासं आम्लधर्मी होतं, श्वासाचं केंद्र पुन्हा कामाला लागतं. म्हणजे सल्फानिलामाइडच्या रोग्यांना झालेला तोच त्रास, आता मोजून-मापून अंगावर घेतलेला. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं ही गोळी प्राणवायू देते. ती काहीही देत नाही. प्रतिबंधासाठी डॉक्टर बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात, म्हणजे २५० ची अर्धी गोळी. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि गोळी घेतली म्हणून पहिल्याच दिवशी ५,३५९ मीटरच्या खारदुंगलावर फोटो काढायला जायचं असं होत नाही. गोळी ही विश्रांतीच्या बदल्यात नाही. हे ऐकून घेताना पोरं मान डोलावतात, डोळे मोबाइलवर.

माझा भाचा त्यांच्यातलाच. लेहहून फोन. "मामी, बोटांना मुंग्या आल्यात. ओठाला पण. हार्टचं काही नाही ना?"

"डायमॉक्सच्या आहेत. जातील. लघवीला सारखं जावं लागतंय ना?"

"तेही आहे. आणि मामी, इथली बिअर डुप्लिकेट आहे बहुतेक. नुसतं कडू पाणी."

पहिल्या रात्री लेहमध्ये बिअर पिणाऱ्याला काय सुनावायचं ते मी सुनावलं. पण बिअर डुप्लिकेट नव्हती. डायमॉक्स घेतलेल्या गिर्यारोहकांची ही जुनी तक्रार आहे, सोडा आणि बिअर सपक लागते. फसफसणाऱ्या पेयाची ती खास झणझणीत आंबट चव नुसत्या बुडबुड्यांच्या फुटण्यानं येत नाही. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर याच घराण्यातलं एक भावंड असतं, कार्बोनिक ॲनहायड्रेज-४. ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल करतं आणि ती पेशी मेंदूला खबर देते. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट सिद्ध झालं. जस्ताची तीच मांडणी त्यातही असल्यानं डायमॉक्स त्यालाही गप्प करते.

आता जीनकडे. कार्बोनिक ॲनहायड्रेज-२ चा, थोडक्यात सीए-२ चा, जीन आठव्या गुणसूत्रावर आहे, त्याचे दोन सख्खे शेजारी सीए-१ आणि सीए-३ यांच्यासोबत. एकाच मूळ जीनच्या नकला होत होत हे घराणं वाढलं.

हा जीन दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि बापाकडून, बिघडलेला मिळाला तर काय होतं, हेही सेंट लुईसमध्येच कळलं. विल्यम स्लाय आणि त्यांचे सहकारी एका कुटुंबातल्या तीन बहिणींचा बरीच वर्षं माग काढत होते. हाडं क्ष-किरण चित्रात पांढरीशुभ्र, दाट, तरी मोडायची. रक्तात आम्ल साठत होतं. मेंदूत चुन्याचे ठिपके. १९८३ मध्ये त्यांनी सांगितलं, की या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच, त्यांच्या तांबड्या पेशींत कार्बोनिक ॲनहायड्रेज-२ नाही.

हाडाचं कोडं मला समजायला वेळ लागला. हाड एकदा तयार झालं की तसंच राहत नाही, जुनं विरघळवून नवं घालायचं काम आयुष्यभर चालू असतं. विरघळवणाऱ्या पेशी हाडाला चिकटून त्यावर आम्ल सोडतात. ते आम्ल येतं याच एन्झाइमातून सुटणाऱ्या प्रोटॉनमधून. एन्झाइम नाही तर आम्ल नाही. मग जुनं हाड निघत नाही, नव्याची भर पडत राहते. हाड जाड होतं, पण ठिसूळ. कवटीतली भोकं अरुंद होतात, आणि ज्यांच्यातून डोळ्याचे मज्जातंतू जातात तीसुद्धा. काहींची नजर त्यामुळे जाते. ज्या एन्झाइमाला अडवून सासूबाईंची नजर टिकवायची धडपड चाललीय, तेच जन्मतः नसल्यानं कुणाची तरी नजर जाते, हे मी आजही स्वतःशी दोनदा बोलून पाहते.

हा आजार अगदी विरळ. सापडलेल्या रोग्यांत अरब देशांतली आणि उत्तर आफ्रिकेतली कुटुंबं जास्त आहेत, जिथं नात्यात लग्नं होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीचा किंवा आत्याच्या मुलाचा विषय निघाला की कुणीतरी विज्ञान सांगू लागतं आणि कुणीतरी परंपरा. मला त्या भांडणात पडायचं नाही. मला त्या मुलांच्या आईबापांविषयी वाचून नवल वाटलं होतं. त्यांच्याकडे एक चांगला जीन, एक बिघडलेला. तांबड्या पेशींत या प्रथिनाचं प्रमाण साधारण निम्मं. आणि तक्रार? काहीही नाही. आयुष्यभर निम्म्या मालावर संसार आणि त्यांना पत्ताही नसतो.

ते रोगी तरी जगतात कसे, श्वास तर क्षणोक्षणी लागतो? त्याचं कारण शेजारी. तांबड्या पेशीत सीए-१ संख्येनं कितीतरी जास्त असतं, वेगानं मंद असलं तरी. रोजच्या जगण्यापुरतं ते भागवतं. हाडं विरघळवणाऱ्या पेशीला आणि मूत्रपिंडाला तो शेजार नाही, म्हणून फटका तिथं बसतो.

आणि निरोगी माणसात साठा किती? थॉमस मॅरेन यांनी उभी हयात या एन्झाइमाच्या औषधांवर घालवली. त्यांच्या कामातून निघालेला आकडा असा, की एखाद्या अवयवात परिणाम दिसायला तिथलं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त एन्झाइम बंद पडावं लागतं. उरलेल्या एका टक्क्यावर सगळं सुरळीत चालतं. शंभर माणसांच्या पंगतीला दहा हजार पानांचा स्वयंपाक करून ठेवावा तसा हा प्रकार आहे. मी दुकान चालवणारी बाई, एक्सपायरीच्या धास्तीनं चार पट्ट्या मागवताना दहादा विचार करणारी. मला हा साठा सुरुवातीला उधळपट्टी वाटायचा. मग पायऱ्या चढून वर येणाऱ्या माणसाचा विचार करा. अजिंक्यताऱ्यावर सकाळी धावत जाणाऱ्या पोराच्या अंगात बसल्या जागेपेक्षा दहापट कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याच वेळी रक्त फुप्फुसातून आणखी घाईनं जातं. तरीही शंभरपटीचा हिशेब यानं पूर्ण सुटत नाही, असंच मला वाटतं.

एरवी जीनविषयी आपण वाचतो ते भीतीदायक असतं. अमुक जीन म्हणजे कॅन्सर, तमुक जीन म्हणजे मधुमेह, जणू एक अक्षर चुकलं की आभाळ कोसळलं. सीए-२ च्या बाबतीत अर्धा कारखाना बंद पडला तरी मालकाला कळत नाही. डॉक्टर मंडळी त्यातले नव्याण्णव टक्के मुद्दाम बंद करतात आणि माणूस फक्त बोटांच्या मुंग्यांची तक्रार करतो. हे कुणी बातमीत छापत नाही, कारण यात घाबरवण्यासारखं काही नाही.

घराण्यात आता माणसामध्ये पंधरा सदस्य मोजतात. बाराजण जस्त धरून काम करतात. तिघांनी, ८, १० आणि ११ क्रमांकांच्या भावंडांनी, उत्क्रांतीच्या ओघात जस्त धरायची सोयच गमावली. आठव्यात ९४ व्या जागेवरचं हिस्टिडिन बदलून तिथं आर्जिनिन आलंय, आणि जस्त बसत नाही. कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संबंध संपला. असं बिनकामाचं प्रथिन काळाच्या ओघात झिजून नाहीसं व्हायला हवं, पण ते माणसापासून उंदरापर्यंत जवळजवळ जसंच्या तसं टिकून आहे. लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं आणि कॅल्शियमच्या हालचालीवर लक्ष ठेवणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन धरतं. २००९ मध्ये इराकमधलं एक कुटुंब अभ्यासात आलं. त्यातल्या मुलांचा सीए-८ जीन बिघडलेला होता. त्यांना तोल सांभाळता येत नव्हता, आणि काहीजण चार हातापायांवर चालत होते.

त्या प्रथिनात जस्त नाही, त्यामुळे डायमॉक्सला धरायला जागा नाही. त्याच्यावरचं एकही औषध आमच्या कपाटात नाही.